परवान्यावरील एक शब्द

केलेल्या सेवेची खूण खिशात बाळगावी काय? अमेरिकेतील राज्ये, जो माजी सैनिक मागेल त्याच्या मोटार हाकण्याच्या परवान्यावर ‘व्हेटरन’ हा शब्द छापून देतात. सोय खरी, सवलत मागताना सैन्यातून मुक्त झाल्याचा ‘डीडी २१४’ हा खाजगी माहितीचा कागद जवळ वागवावा लागत नाही.

परंतु कित्येक ठिकाणी हा शब्द सन्मानाने मुक्त झालेल्यासच मिळतो. २०११ पूर्वी केवळ समलिंगी म्हणून काढून टाकिलेल्या पुष्कळांस तसा दाखला मिळाला नाही. सेवा तर त्यांनीही केली होती.

तेव्हा वाचकहो, ज्याजवळ खूण आहे त्याचा मान अवश्य राखावा. पण खूण नाही म्हणून सेवाच नव्हती, असे मानू नये. ऋण फेडावयाचे ते दोघांचेही आहे.