लागलेली सवय, लावलेली सवय

मराठीत वाईट सवय लागते आणि चांगली सवय लावावी लागते. जेवण उरकले की तंबाखूच्या पुडीकडे जाणारा हात ठरवून जात नाही. मशेरीचेही तसेच. भाजलेल्या तंबाखूची पूड रोज सकाळी हिरड्यांना चोळणाऱ्या बाईला ते दात घासणेच वाटते, व्यसन वाटत नाही.

२१ दिवसांत कोणतीही सवय लागते किंवा सुटते, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचा उगम बहुधा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा नवा चेहरा ओळखीचा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी नोंदवले होते. पुढे ‘किमान’ गळाले आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१०मध्ये छापून आला. त्यात साधी रोजची कृती अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला. व्यक्तीगणिक अंदाज १८पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता.

खरा वाद अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्याशी आहे. नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, हा त्यांचा १८९०चा नियम. गुंडाळत आणलेला सुताचा गुंडा एकदा हातून सुटला की बरेच वेढे उलगडतात, असा त्यांचा दृष्टान्त. हा नियम निष्ठुर आहे. एक दिवस फिरायला जाणे चुकले की ‘आता मोडलेच’ म्हणून माणूस सगळेच सोडून देतो. लॅली यांच्या अभ्यासात तर एखाद्या चुकलेल्या दिवसाने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

पण तंबाखूपाशी जेम्स यांचेच म्हणणे मानावे लागते. निकोटिन बंद झाल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपेची तक्रार सहसा पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरते. त्या काळातली एक चिमूट पुष्कळदा माणसाला पूर्ववत तंबाखूकडे नेते. म्हणजे जेम्स यांचा नियम सवय लावण्यापेक्षा सवय सोडण्याचा आहे.

दोन्ही कामे एकाच घरात, एकाच वेळी चालतात. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, असे अनेक बायका सांगतात. त्यांना मशेरी सोडताना सकाळच्या त्या घटकेला दुसरे काहीतरी लागतेच. तिथे कोमट पाणी आणि ब्रश आला, तर एखाद्या दिवशी पाणी राहून गेल्याने बिघडत नाही. मशेरीची डबी मात्र पहिल्याच दिवशी घराबाहेर गेलेली बरी.