फुकट वकील : दान कीं देणें?

गरिबाला सरकारी खर्चानें मिळणारा वकील हें दान आहे कीं देणें, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवितों. हा केवळ शब्दांचा खेळ आहे असें कोणीं समजूं नये. दान मागणाऱ्यास मान खालीं घालावी लागते, आणि तें न मिळाल्यास तक्रारीला जागा राहत नाहीं. देणें मात्र हक्कानें मागतां येतें. आणि धनको अजाण असेल तर त्याला आठवण करून देणें हें प्रामाणिक ऋणकोचें काम असतें.

सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं याच अंगाचा एक निवाडा दिला. अरुणाचल प्रदेशांतील सुक दास नांवाच्या इसमावर धमकी दिल्याचा खटला झाला. वकील करण्याइतका पैसा त्याजपाशीं नव्हता, सबब त्याची बाजू वकिलावांचूनच चालली व त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यानें वकील मागितलाच नव्हता, मग खटल्यांत दोष तो कोणता, असें उच्च न्यायालयाचें म्हणणें पडलें. सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. आपला हक्क ज्याला ठाऊकच नाहीं तो मागेल कसा? हक्क आहे हें सांगण्याचें कर्तव्य न्यायाधीशाचें, असें ठरवून तिनें दिलेली शिक्षा त्या न्यायालयानें रद्द केली.

कायदाहि हेंच बोलतो. १९७६ सालीं घटनेंत ३९ (अ) कलम आलें. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कोठडींतील माणसें व कारखान्यांतील कामगार यांस उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस राज्यानें ठरविलेली मर्यादा लागते. म्हणजे दिरानें सातबाऱ्यावरून जिचें नांव उडविलें, ती विधवा वकिलाच्या फीपायीं उरलेली शेळी विकते, तेव्हां ती नसलेलें कर्ज फेडीत असते! तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधि सेवा समिति असते. तेथें अर्ज द्यावा, नाहीं तर १५१०० या क्रमांकावर फोन करावा. लिहितां न येणाऱ्याचें म्हणणें तेथें उतरून घेतात.

फुकटाचा वकील मन लावीत नाहीं, असें आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतों. ही तक्रार अगदींच निराधार नव्हे; त्या वकिलांस मिळणारा मोबदला थोडा असतो. परंतु याचा उपाय हक्क सोडणें हा नव्हे. वकील हयगय करील तर समितीकडे दाद मागावी व दुसरा मागावा. तो पक्षकाराकडे पैसे मागेल तर तेंहि कळवावें, कारण तसे मागण्याची त्यास मनाई आहे. अपराध्यास मदत कां, असेंहि कांहीं सज्जन विचारतात. तो अपराधी आहे हें त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यांस कळलें कसें, एवढेंच आम्ही विचारतों.

समन्स हातीं आलें कीं गांवचा माणूस तें वाचून घेण्यास कोणाकडे तरी जातो. तो वाचणारा शिक्षक असो, ग्रामसेवक असो, कीं मंडळीचा वडील असो, सुक दासच्या खटल्यांत न्यायाधीशावर पडलेलें कर्तव्य आमच्या मतें त्याच्यावरहि पडतें. कायद्यानें नव्हे, जाणतेपणानें. आणि तें त्यानें समन्स वाचल्या दिवशींच करावें, कारण अर्ज मंजूर होऊन वकील नेमला जाण्यास वेळ लागतो, आणि तारीख कोणासाठीं थांबत नाहीं.