ज्यांना कबर नाही

अंजनवेलहून मुंबईला जाणे आम्हा नवरा-बायकोला नवीन नाही. दवाखाना, लग्न, नातवंडे अशी काही ना काही निकड असतेच. केवळ स्मारके पाहण्यासाठी राज्याच्या राजधानीत एक अख्खा दिवस घालवला, तो मात्र मागच्या हिवाळ्यात. सकाळी गेटवे ऑफ इंडिया, मग हुतात्मा चौक आणि दुपारनंतर मस्जिद बंदर. हा तिसरा मुक्काम सहलीच्या कार्यक्रमात कुणी घालत नाही. आम्ही निघालो होतो त्याच्याचसाठी.

पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरला, त्याची आठवण म्हणजे गेटवे. तो उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. ती पुरी झाली १९२४ मध्ये. एक माणूस बोटीतून सुखरूप उतरला, एवढ्यासाठी इतका दगड! हुतात्मा चौकाची गोष्ट वेगळी. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण गेलेल्या १०६ जणांचे ऋण तिथे मानलेले आहे, आणि मशाल आहे ती शेतकरी-कामगाराच्या हाती. पायी जाण्याच्या अंतरात सत्तेचे स्मारक आणि ऋणाचे स्मारक दोन्ही पाहून होतात.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे नावानिशी स्मरण केलेले आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धात अशाच गेलेल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नोंद मुंबई आणि चितगाव या दोन ठिकाणी आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटींना पिढ्यान् पिढ्या सारंग, टंडेल, खलाशी, आगवाले पुरवले. इब्राहीम, हसन, दाऊद ही नावे तर खाडीच्या दोन्ही तीरांवर घरोघर सापडतील. नुसत्या नावावरून यातला आपला कोण, हे कसे ठरवायचे?

माझ्या बायकोचे नाना दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेले, ते परतले नाहीत. शब-ए-बरातला सगळी माणसे कब्रस्तानात जात, तेव्हा तिची नानी जेटीवर जाई आणि पाण्याकडे तोंड करून फातेहा पढे. मरेपर्यंत हा तिचा नेम होता.

आपल्या गावात अशा लोकांच्या नावाचा एक दगड असावा, असे मी परतताना गाडीत म्हणालो. बायकोला ते पटले नाही. "नानांना दुआ हवी, दगड कशाला? बुडालेल्याला शहीदाचा दर्जा आहे, असं तुम्हीच सांगता ना? आणि पक्की कबर बांधू नका म्हणून मोहल्ल्यात वाद घालता, तेही तुम्हीच."

तिचा मुद्दा सहज उडवून लावण्याजोगा नाही. कबर चुन्याने पक्की करू नये, तिच्यावर इमारत उभारू नये, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मोगलांच्या घरातही याची जाण असलेली एक मुलगी निघाली. बापाने ताजमहाल बांधला, पण जहाँआराची दिल्लीतली कबर आजही आभाळाखाली उघडी आहे आणि तिच्यावर गवत आहे. परंतु अबू दाऊदमध्ये दुसरीही एक रिवायत आहे. उस्मान बिन मझऊन यांना दफन केल्यावर पैगंबरांनी (स.) स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला, भावाची कबर ओळखता यावी म्हणून. मला यात विरोध दिसत नाही. मनाई आहे ती मोठेपणा मिरवण्याला. ओळख ठेवण्याला मनाई नाही. आणि आपण कोकणी मुसलमान तर शाफई. नजाशीच्या नमाजचा दाखला देऊन दूर मेलेल्याची गायबाना जनाजा नमाज आपला मजहब मान्य करतो. म्हणजे मय्यत समोर नसली तरी तिचा हक्क संपत नाही. शिवाय ज्याला कबर आहे त्याची ओळख मातीच राखते. ज्याला कबरच नाही, त्याची कोणी राखायची?

आमच्या गोपाळगडाला पाहा. तो सिद्दीकडून तुळाजी आंग्र्यांनी घेतला, हे शाळकरी पोरही सांगेल. किल्ला जिंकणाऱ्याचे नाव राहते. त्याच किल्ल्याखालच्या समुद्रातून बोटीच्या भट्टीत कोळसा ओढायला गेलेल्याचे नाव त्याच्या पणतवाला माहीत नसते. यात इतिहासकारांचा दोष आहेच, पण सगळाच त्यांच्या माथी मारणे मला सोयीचे वाटते.

बायको थोडी नरमली ती एका अटीवर. आधी वही, मग दगड. वहीत माणसाचे नाव, बापाचे नाव, मोहल्ला, बोट आणि साल. बोटीचे नाव सांगू शकतील अशा म्हाताऱ्या आता गावोगाव दोन-चारच उरल्या आहेत, तेव्हा दगडाच्या वर्गणीआधी त्यांच्याकडे जायला हवे. "आणि मागे राहिली तिचंही नाव लिहायचं," ती म्हणाली. जमातीच्या वहीत बाईचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, यावर चिपळूण येईपर्यंत आमचे एकमत झाले नव्हते.