दंड आणि शिक्षा

इंदूर-ग्वाल्हेरकडे वाढणाऱ्या मराठी मुलाला एक गंमत लवकर कळते. शाळेच्या हिंदी पुस्तकात 'शिक्षा' म्हणजे विद्या. घरी आईच्या तोंडी 'शिक्षा' म्हणजे मार, नाहीतर कोपऱ्यात उभे राहणे. कन्नड व तेलुगूतही हा शब्द मराठीप्रमाणेच दंडाच्या अर्थी रुळला आहे. संस्कृतात मात्र शिक्षा हे वेदांग, वर्णोच्चाराचे शास्त्र. 'शिक्ष्' म्हणजे विद्या घेणे; आणि 'शक्' धातूचे इच्छार्थक रूपही तसेच होते, म्हणजे समर्थ होऊ पाहणे. तेथून हा शब्द छडीपर्यंत कसा आला, हे जुन्या पंतोजींनाच विचारावे!

'दंड' या शब्दाची कथा निराळी. यास्काने निरुक्तात त्याची व्युत्पत्ती धारण करण्याच्या अर्थाने दिली आहे, आणि औपमन्यवाचे मत म्हणून दमनावरूनही दिली आहे. गौतमधर्मसूत्र दुसऱ्या मताचे: जे आवरलेले नाहीत त्यांना आवरतो तो दंड. गीतेच्या दहाव्या अध्यायात, ३८व्या श्लोकात, भगवंत दमन करणाऱ्यांमधील दंड ही आपली विभूती म्हणून सांगतात. येथे सूड नाही, परतफेड नाही, आवरणे आहे.

याच 'दम्' धातूचा 'दम' सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात दैवी संपत्तीत येतो. तेथे आवरायचे ते स्वतःला. मग ज्याच्या ठायी दम नाही, त्याच्या हातातील काठीला दंड म्हणावे काय? कचेरीतून थकून आलेला गृहस्थ सांडलेल्या दुधासाठी मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. त्या धपाट्याचे माप दुधावरून ठरत नाही, वरिष्ठाच्या बोलण्यावरून ठरते. दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची जी उतरण वर्णिली आहे, तिची ही पायरी होय. कौटिल्याला तीक्ष्ण दंड मान्य नाही, मृदूही नाही. त्याला हवा तो यथार्ह, म्हणजे अपराधाला साजेसा. मनूने तर क्रमच लावून दिला: आधी शब्दाने समज, मग धिक्कार, मग धन, आणि शरीरदंड सर्वांत शेवटी. आपल्या घरांत हा क्रम बहुधा उलटा चालतो. हात आधी उठतो, समजावणे मागाहून, आणि तेही मूल रडून झोपल्यावर.

स्मृतींत वर्ण पाहून दंड कमी-अधिक केलेला आहे. ते वैगुण्य कोणत्याही व्युत्पत्तीने झाकता येत नाही, झाकूही नये. १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. नावातून 'दंड' गेला, आणि शिक्षांच्या यादीत समाजसेवेची भर पडली. शाळेतील छडी त्याआधीच, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, निषिद्ध ठरली होती. घराला मात्र अशी संहिता नाही.

मराठीत 'शासन' हा शब्दही दंडाच्या अर्थी चालतो. अर्जुनाने दुसऱ्या अध्यायात स्वतःला 'शिष्य' म्हटले आणि 'शाधि' अशी विनवणी केली; दोन्ही शब्द 'शास्' धातूचे. म्हणजे त्याने शासनच मागितले होते. पहिल्या उत्तरात त्याला कानउघाडणीही मिळाली. पण अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर भगवंत त्याला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर.