एकच तिथी, पाच पर्वे



फाल्गुन वद्य षष्ठी म्हटली की आपले मन पैठणला धावते. गावोगावच्या दिंड्या गोदाकाठी उतरतात, राहुट्या पडतात, टाळमृदंगाचा गजर रात्री उशिरापर्यंत चालतो. ही नाथषष्ठी. जुनी माणसे मात्र तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. एकाच तिथीला पाच घटना घडल्या, असे परंपरा सांगते. या तिथीला जनार्दनस्वामींचा जन्म झाला. याच तिथीला त्यांना श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह झाला. देवगिरीच्या किल्ल्यावर नाथांना जनार्दनस्वामींचा अनुग्रह मिळाला, तो याच तिथीला. स्वामींनी देह ठेवला, तोही याच तिथीला. आणि शके १५२१ मध्ये नाथांनी गोदावरीत समाधी घेतली, तीही फाल्गुन वद्य षष्ठीच.

हे सारे आम्ही कीर्तनकार मोठ्या उत्साहाने सांगतो. पाच बोटे मोजून दाखवतो आणि म्हणतो, "धन्य ती तिथी!" श्रोते माना डोलवतात. मीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो.

काही वर्षांपूर्वी नाथषष्ठीला कीर्तन आटोपल्यावर एक माउली जवळ आल्या. पाया पडल्या आणि तिथेच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? माझा मुलगा रामनवमीला गेला. सव्वीस वर्षांचा होता. भेटायला आलेले लोक म्हणाले, भाग्यवान, रामनवमीचं मरण आलं. त्यात भाग्य कसलं हो? तीन वर्षं झाली, आमच्या घरात रामाचा पाळणा हलला नाही. त्याची लेक पाच वर्षांची आहे. शेजारच्या घरी पाळणा बघून येते आणि विचारते, आजी, आपल्याकडे सुंठवडा का नाही? आता अठरा दिवसांवर रामनवमी आली. सांगा, मी काय करू?"

वाचकहो, नुकताच दोन तास बोलून उठलेला मी, त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. माझे ते "धन्य ती तिथी" माझ्याच कानांत बोचू लागले. त्या रात्री मी जो विचार केला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, दिवस जुळून आले की माणसाला त्यात संकेत दिसतो. हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. तो घडवणारे जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोघेही बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै १८२६ याच दिवशी वारले. तिथल्या लोकांनाही त्यात ईश्वराचा हात दिसला. पण त्याच दिवशी त्या देशात आणखी कितीतरी साधी माणसे गेली असतील. त्यांच्या घरच्यांना तो दिवस कसला वाटला असेल? दूरून पाहणाऱ्याला जो योग दिसतो, तो घरच्याला घाव असतो. म्हणून दुसऱ्याच्या घरी गेल्यावर "चांगल्या दिवशी गेला" हे शब्द ओठांवर आले तर गिळून टाकावेत. त्याचप्रमाणे कोणी अमावास्येला गेला म्हणून त्याच्या पापपुण्याचा हिशेब आपण मांडू नये. एकादशी थोर आहे ती त्या दिवशीच्या उपवासाने, जागराने, नामाने. मरणाऱ्याचा निवाडा करण्यासाठी ती पंचांगात आलेली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. एकाच दिवशी आनंद आणि दुःख दोन्ही आले, तर माणसाने कोणाला घरात घ्यावे?

इथे मला नाथांची षष्ठी नव्याने दिसली. आपण पाच पर्वे मोजतो, पण त्या पाचांत काय काय आहे ते पाहा. एक जन्म आहे, दोन अनुग्रह आहेत, दोन मरणे आहेत. जनार्दनस्वामींनी शके १४९७ मध्ये देह ठेवला असे मानतात. म्हणजे त्यानंतर सुमारे चोवीस वर्षे नाथांच्या दारी ही तिथी येत राहिली. तीच सद्गुरूंची जयंती आणि तीच पुण्यतिथी. ज्या दिवशी मस्तकावर हात ठेवला गेला, त्याच दिवशी तो हात नाहीसा झाला. नाथांना त्यातले एक निवडता आले असते का? जन्म घेतला आणि मरण वगळले, असे करता येत नाही. मरण धरले आणि अनुग्रह पुसला, असेही करता येत नाही. तिथी येते ती सगळे घेऊन येते.

म्हणूनच आपल्या संप्रदायाने संतांच्या समाधिदिनाला "सोहळा" हा शब्द लावला असावा. पण सोहळा म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे. माउलींच्या समाधीचे नामदेवरायांनी केलेले वर्णन आठवा. निवृत्तिनाथांसारखे ज्ञानी, प्रत्यक्ष माउलींचे गुरू, तेही त्या प्रसंगी शोकाने व्याकूळ झाले. नामदेवरायांनी ते लपवले नाही. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत तो प्रसंग ऐकताना लोक ढसाढसा रडतात आणि त्याच लोकांच्या हातांत पुष्पवृष्टीसाठी फुले असतात. पैठणचेही तसेच. षष्ठीला नाथांच्या समाधीचे स्मरण होते आणि अष्टमीला काला होतो. काला म्हणजे बाळकृष्णाचा खेळ, सवंगड्यांच्या हातावरची दहीलाही. मरणाच्या तिथीपासून निघालेला उत्सव लेकरांच्या खेळापाशी येऊन थांबतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या माउलींना दिंडीत शोधून काढले. म्हणालो, "लोकांचं बोलणं सोडून द्या. त्या दिवशी रडू आलं तर रडा, त्यात रामाचा अपमान नाही. पण पोरीचा सुंठवडा थांबवू नका. तिला बाप आठवत नाही. तिच्यासाठी रामनवमी ही फक्त बंद दाराची राहील, एवढंच बघा." त्या काही बोलल्या नाहीत. मान हलवली आणि दिंडीबरोबर चालू लागल्या.

पुढच्या वर्षी पैठणला पुन्हा भेटल्या. मी विचारण्याआधी त्यांनीच सांगितले, "पाळण्याची दोरी नातीच्या हाती दिली. मला काही उठवलं नाही, भिंतीला टेकून बसले. बारा वाजता गुलाल उडाला तेव्हा फार रडले. मग तीच आली आणि माझ्या हातावर सुंठवडा ठेवून गेली."

"खाल्लात?" मी विचारले.

"खाल्ला," त्या म्हणाल्या.

वाचकहो, तुमच्याही घरच्या दिनदर्शिकेत असा एखादा दिवस असेल, ज्याचे पान उलटताना हात थबकतो. तो दिवस टाळू नका. गेलेल्याचे नाव घ्या, आणि घरात जे लेकरू असेल त्याला जवळ बोलवा.

रामकृष्णहरी.