यारीवाल्याची पाठ

आमच्या जालना जिल्ह्यात पाणी वर येत नाही, माणसालाच त्याच्याकडं खाली जावं लागतं. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा विहिरींवर उभ्या आहेत आणि विहिरी यारीवाल्यांच्या पाठीवर. पाषाणात सुरुंग लावायचा, फुटलेला दगड बादलीत भरायचा, वरून यारी ओढून घेती. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर दिवसभर दगड झुलत असतो.

आमच्या गावचा एक यारीवाला बादलीत बसून उतरताना वायररोप तुटला. मणका मोडला. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, घरचा रुपया लागला नाही, हेही सांगितलं पाहिजे. अठराव्या दिवशी दवाखान्यानं सुट्टी दिली. मी भेटायला गेलो तर बाजेवरूनच म्हणाला, "मामा, पाय हायेत का गेलेत तेच कळंना. लघवी झालेली बी कळत न्हाई."

घरात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागती, हे बायकोला कळेपर्यंत माकडहाडावर मुठीएवढी जखम झाली होती. लघवीची नळी महिना महिना तीच. शेतकरी अपघात योजनेचं बघावं तर घरात सातबारा नाही. निराधारचा पगार सुरू झाला, तो ड्रेसिंगच्या कापसालाच गेला. तीन वर्षं काढली त्यानं. गेला तो मोडक्या मणक्यानं नाही, किडनीत पू झाल्यानं.

पारावर लोक म्हणाले, "गेलेले पाय काय परत येणार व्हते? उगी पैसा घालून काय फायदा?" हे बोलणं मी उडवून लावणार नाही. तिजोरी छोटी, मागणारे फार. जो बरा होतो त्याच्यावर आधी खर्च करावा, असं वाटण्यात दुष्टपणा नाही. पण त्यात बरं होणं म्हणजे पायावर उभं राहणं, असं धरून चाललेलं असतं. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमी सैनिकांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे रुग्ण बहुतेक लवकरच जखमांनी नाहीतर लघवीच्या संसर्गानं मरत. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस वळवायला लावली, नळीची स्वच्छता पाळली, माणसांना कामाला आणि खेळाला लावलं. तुटलेली मज्जारज्जू त्यांनाही जोडता आली नाही, पण माणसं जगली. त्या खेळांतूनच पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ ला जर्मनीत त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक घेतलं.

पेटकर जवान होते. अशा जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. ते असायलाच पाहिजे. मला पडलेला प्रश्न दुसरा आहे. पाठ कुठं मोडली यावर तिची किंमत ठरवायची का? यारीवाला काही हौसेनं उतरला नव्हता. विहिरीला सरकारी अनुदान, विहिरीवर बाग, बागेची मोसंबी थेट मुंबईच्या बाजारात. ज्या ज्या माणसानं तो रस प्याला, त्याच्याकडं यारीवाल्याचं थोडं थोडं देणं लागतं. एकेकट्यानं ते कोण, कसं फेडणार? अशाच देण्यासाठी तर सरकार असतं.

२०१६ चा दिव्यांग कायदा पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो, पण आर्थिक कुवत बघून. कुवत काय आकाशातून पडती? बजेटमध्ये ठरवली की ती होती. लागतं तरी काय? जिल्हा रुग्णालयात आठ-दहा खाटा, फिजिओथेरपिस्ट, घरच्यांना शिकवणारी नर्स, जखम होऊ न देणारी गादी, नळ्या, खेड्याच्या रस्त्यावर चालंल अशी चाकाची खुर्ची, वेळच्या वेळी किडनीची तपासणी. यातला बराचसा खर्च पगाराचा. त्यात फीत कापण्यासारखं काही नाही, म्हणूनच तो मागं पडतो, असं माझं मत आहे. अन् ऑपरेशनवर पैसा घालून पुढं माणूस जखमेनं मरू द्यायचा, तर तो पहिला पैसाबी मातीतच गेला की!

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला एक पोरगा शेळ्यांना पाला तोडताना लिंबावरून पडला. मणकाच. यारीवाल्याची बायको आठवड्यातून दोनदा तिकडं पायी जाती, पोराच्या आईला कूस कशी वळवायची, कुठं लाली दिसली की घाबरायचं, ते दाखवती. त्या दिवशी तिचा अर्धा रोज बुडतो.