न घेतलेली गोळी

माझ्या बायपोलर आजारावरच्या लिथियमला घरात कुणी औषध म्हणत नाही, 'ती गोळी' म्हणतात. दिवस गेल्याचं कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने तेवढी बंद ठेव गं." त्यांचा धर्मविचार सरळ आहे. गोळी घेणं हे कर्म, न घेणं म्हणजे काहीच न करणं. आणि काही न करणाऱ्याला पाप कसलं?

मला ते पटत नाही. गीतेचा चौथा अध्याय अकर्मातही कर्म पाहायला सांगतो. गोळी सुटली की मी रात्र-रात्र जागून कपाटं उपसते, भलतेच व्यवहार करून बसते आणि मग कित्येक आठवडे अंथरूण धरते. 2007 साली याच आजाराच्या 89 गरोदर बायकांवरचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. मूड स्थिर ठेवणारी औषधं थांबवणाऱ्यांपैकी 85 टक्क्यांचा आजार उलटला होता, चालू ठेवणाऱ्यांपैकी 37 टक्क्यांचा. चरकसंहिता गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखं जपायला सांगते. भांडंच हिंदकळलं तर तेलाचं काय, हे सासूबाईंना विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

त्यांची भीती खोटी नाही. लिथियम वारेतून बाळापर्यंत पोचतं. 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या तिमाहीत ते घेतलेल्यांच्या दर शंभरातल्या साधारण 2.4 बाळांच्या हृदयात दोष होता. न घेतलेल्यांत 1.15. डोस वाढला की धोकाही वाढतो. (लिथियमऐवजी व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध असतं तर वादच नव्हता. बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीला त्याचा धोका इतका मोठा, की डॉक्टरांनी ते आधीच बदललं असतं.) डॉक्टरांनी माझा डोस बेताचा ठेवलाय, रक्तातली लेव्हल पुन्हापुन्हा तपासतात. फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी, व्हायचाय.

मी अडते ती पुढे. फळाची आशा सोड, हे गीतेचं सांगणं फळ माझं असेल तर ठीक. इथे कर्म माझं आणि भोगणारं दुसरंच कुणी. अशा वेळी 'मी फळाची आशा सोडली' म्हणणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. बाळ स्वतःचं प्रारब्ध घेऊन येतं, असं सासूबाई म्हणतात. येत असेल. पण गोळी माझ्या हातात असताना त्याच्या प्रारब्धाकडे बोट दाखवायला माझं मन धजत नाही.

म्हणून रात्री जेवणानंतर गोळी घेते, सासूबाईंच्या समोरच. इकोत काही निघालं तर त्या मला बोलतील, आणि मी ऐकून घेईन. गोळी सोडून मी कोसळले असते तर मात्र त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नसतं.